मांडी भरली तिथपर्यंतची गोष्ट

दादा,

तुझ्या बाराव्याला माझी फजिती झाली. जेवणं उरकली होती, माणसं भिंतीला टेकून बसली होती आणि आपल्या गावाहून, गडबहून आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "बाय, ती मांडीची गोष्ट सांग." आपल्यात कुणीही गेलं की रडणं आवरल्यावर लोक माझ्याकडे वळतात, जेवणानंतर सुपारीच्या डब्याकडे वळतात तसे. वय झालं, केस रंगवायचं सोडलं, जिना चढताना गुडघे माझ्याआधी बोलतात, पण या कुटुंबातलं माझं काम काही बदललं नाही. गेलेल्या माणसाला तासभर परत आणून बसवायचं आणि मग सगळ्यांना चहा प्यायला मोकळं करायचं.

मी सुरुवात केली. भातकापणीनंतरचं रिकामं शेत आलं, कबड्डीच्या चुन्याच्या रेघा आल्या. तू मधल्या रेघेकडे झेप घेतलीस, मागून दोघांनी मांडी धरली आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. इथवर बरं चाललं होतं. मग तुझी आई, माझी काकी आली, करंजेल आलं. आता "आणि मांडी भरली" हे वाक्य यायचं, जिथे लोक नेहमी हसतात. समोर वहिनी बसली होती. "जरा पाणी द्या," म्हटलं, आणि पाणी पिऊन भलत्याच कुणाची तरी गोष्ट सुरू केली. लोक हसले. चहा झाला.

म्हणून ती गोष्ट आता तुलाच सांगते. तुला पाठ आहे, माहीत आहे मला. पण मी सांगताना तू मध्येमध्ये सुधारायचास, "खोटं नको बोलू गो, दोघं नव्हते, तिघं होते," त्याशिवाय तिला मीठ नाही.

तेव्हा मी शाळेत होते. तुला चौघांनी खांद्यावर घालून घरी आणलं. काकीने आधी मांडी बघितलीच नाही. "मेल्या, आसा चौघांच्या खांद्यावरनं येतात काय घरी? आईस जिवंत हाय तुझी," म्हणून तिने पहिल्यांदा तुला आणि मग त्या चौघांना झोडपलं. सूज उतरायला बरेच दिवस लागले. उतरली तेव्हा गुडघ्याच्या वर चार बोटांवर खड्डा दिसला. मी गोष्टीत सांगते की त्यात लिंबू बसत होतं. लोकांना वाटतं मी वाढवून सांगते. दादा, तू साक्षीदार आहेस, मी खरंच लिंबू ठेवून बघितलं होतं आणि तुझी टप्पल खाल्ली होती.

मग काकीचं औषध. सकाळ-संध्याकाळ करंजेल चोळायचं. त्या तेलाच्या वासाने आपल्या पडवीत कुत्रंसुद्धा फिरकेना. आणि चोळून झालं की तुला उठवून उभं करायची. "अंग बसवून ठेवलं का ते बसूनच ऱ्हातं. कामाला लाव त्याला." तू दाराची चौकट धरून बैठका मारायचास, ओठ चावून. मी रोज खड्ड्यात बोट घालून बघायचे. आधी बोटाचं पेर बुडायचं, मग नख बुडायचं, मग एक दिवस बोट नुसतंच सरकलं. मांडी भरली. पुढच्या हंगामात तू त्याच मैदानात उतरलास.

काकीचं ते एक वाक्य तू जन्मभर पुरवलंस. धाटावच्या कंपनीत कुणाचा पाय मुरगळला, कुणाचा खांदा आखडला की तू डॉक्टरच्या आधी हजर. माझ्या गुडघ्यालाही तेच औषध सांगितलंस. गुडघा अजून तुझ्या नावाने बोटं मोडतोय.

पुढे मी पेणच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले आणि एका दिवाळीला शहाणपणा करून तुला तुझ्याच मांडीचं शास्त्र सांगितलं. स्नायूच्या प्रत्येक धाग्याच्या अंगाला चिकटून बारीक पेशी झोपलेल्या असतात. मूळ पेशी, ज्यांना आता सगळे स्टेम सेल म्हणतात. वर्षानुवर्षं त्या काहीच करत नाहीत. धागा तुटला की जाग्या होतात, एकीच्या अनेक होतात, एकमेकींत मिसळून नवा धागा विणतात. आणि त्यातल्या काही पुन्हा जाऊन झोपतात, पुढच्या वेळेसाठी.

"म्हंजे राखीव खेळाडू," तू म्हणालास. "बाकावर बसल्याले."

"तसंच."

"बरी हाय गोष्ट. पण त्यांना उठवलं कोणी? आईच्या करंजेलानं."

"तेलाने नाही रे, जखमेनेच उठतात त्या."

"मग आईनं काय उगाच हात दुखवले?"

यावर आपण फराळ संपेपर्यंत भांडलो. तुझं म्हणणं, "तुझ्या शास्त्रात आमच्या आईला जागा नाय." मी म्हटलं, काकीने तुला बैठका मारायला लावल्या, ती तिची जागा. तू मान्य केलं नाहीस. मीही नाही.

आणि मग तुझं काळीज गेलं. शिफ्टमध्ये, उभ्या उभ्या. वाचलास, पण डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचा पुढचा बराच भाग मेलाय, पंपिंग फार कमी झालंय, आता सांभाळून राहायचं. मी रोह्याच्या नदीपलीकडे, अष्टमी गावात तुझ्या घरी आले तेव्हा तू खिडकीपाशी खाटेवर होतास. वहिनी खाली बसून भिजवलेले वाल सोलत होती. मला बघून तू पहिलं काय बोललास आठवतं?

"आली मॅडम. बस. ती झोपलेल्यांची गोष्ट परत सांग."

मी सांगितली. तू डोळे मिटून ऐकलीस. कुठे सुधारलं नाहीस.

"काळीज पण मांसच ना गो?"

"मांसच."

"मग?"

दादा, एवढासा शब्द. मी आयुष्यभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, पण त्या "मग?"ला मला जागेवरून उठावंसं वाटलं. तरी सांगितलं. हृदयात त्या राखीव पेशी जवळजवळ नाहीत. मध्ये काही वर्षं मोठमोठ्या शास्त्रज्ञांना वाटत होतं की आहेत, खूप गाजावाजा झाला, मग पुन्हा तपासलं तेव्हा ते टिकलं नाही. हृदय आपल्या पेशी बदलतं, पण इतकं सावकाश, की कुंडलिका नदी ओंजळीने उपसावी तसं. जिथे मेलं तिथे नवा स्नायू येत नाही. वण येतो. तो धरून ठेवतो, पण आकसत नाही, काम करत नाही.

तू छताकडे बघितलंस. मग म्हणालास, "म्हंजे काळजाला रिलिव्हर नाय."

मला कळलं नाही. तूच समजावलंस. शिफ्ट संपली आणि बदली माणूस आला नाही, तर मशीन सोडून जाता येत नाही, तिथेच उभं राहून पुढची शिफ्ट करायची. "याची तर जन्माचीच डबल ड्यूटी."

वहिनीने परातीतून एक वाल उचलला, दातांनी चावून बघितला आणि दाराबाहेर टाकला. "गणंग मेला. कितीबी भिजवा, मोड येत नाय." ती आपल्या वालाबद्दलच बोलत होती. पण तो जिथे पडला तिथे तू आणि मी दोघंही बघत राहिलो.

मला वाटलं होतं, विषय संपला. तू मात्र एवढंच ऐकलं होतंस की *जवळजवळ* नाहीत.

महिन्याभरात वहिनीचा फोन. "वन्सं, हे दूध आणायला जातात ते उशिरानं येतात. आणि दूध विसरतात." मी दुसऱ्या दिवशी पेणहून सकाळची गाडी धरून आले. तू पुलावर होतास. रोह्याकडे तोंड, लुंगी गुडघ्यावर खोचलेली, नजर पुढच्या खांबावर, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी चाललेलं. जवळ आले तेव्हा ऐकू आलं. कबड्डी-कबड्डी-कबड्डी-कबड्डी. एका दमात. मासळीची टोपली घेऊन चाललेली एक बाई तुला वाट देऊन बाजूला झाली, देवाचं काही चाललंय असं समजून.

दम तुटला, तसा तू कठड्याला धरून वाकलास. मी पाठीवर हात ठेवला.

"हे काय चाललंय?"

"डॉक्टर बोलला, चाला. पण चालताना बोलता आलं पायजे, एवढंच चाला." तू धापा टाकत होतास आणि चेहऱ्यावर जुना मैदानातला लबाडपणा होता. "बोलतोच हाय ना मी."

मी हसले. काय करणार? जगात दुसऱ्या कुणाला त्या सल्ल्याचा असा अर्थ लागला नसता. चढाई करणाऱ्याला बोलणं म्हणजे हेच एक.

"पहिल्या दिवशी अलीकडच्या खांबालाच दम तुटला. आता पुढच्या खांबापर्यंत जातो. भरतंय गो. आतनं कळतं."

"दादा, फुप्फुसाला सवय होतेय. पायांना होतेय. काळजाची मांडी होत नाही."

तू तिथेच लुंगी वर करून मांडी ठोकून दाखवलीस. मागून रिक्षावाल्याने हॉर्न दिला. "ही पण होणार नाय बोलत होते तेव्हा," तू म्हणालास. मग दूध न घेताच आपण घरी आलो आणि वहिनीने दोघांनाही कोरा चहा दिला.

आपलं मोठं भांडण त्यानंतरचं. वहिनीच्या भावाने कुठूनतरी ऐकून आणलं होतं, मुंबईकडे एक जागा आहे, कमरेच्या हाडातून स्टेम सेल काढून हृदयात सोडतात, माणूस नवा होतो. मी नको म्हटलं. प्रामाणिक डॉक्टरांनी हे करून बघितलंय, पेशी तिथे टिकत नाहीत, म्हणावा तसा फरक पडत नाही. आणि जो शंभर टक्के म्हणतो तो तर डॉक्टरच नव्हे. तू म्हणालास, "लबाड आसतील ते. पण कल्पना बघ ना." आणि उठून बसलास. तुझे हात बोलायला लागले. "कमरेतनं कशाला? राबातनं भाताचं आवण, रोपं काढून शेतात लावतो का नाय आपण? तसं माझ्या मांडीतनं काढा. तिथं भरपूर हायेत, कामाच्या हायेत, एकदा खेळून झाल्यात. त्या काळजात लावा."

मी म्हटलं, "केलंय रे ते."

"काय?"

"हेच. मांडीतल्या काढून हृदयात लावल्यात. तुझ्यासारख्याच माणसांना."

दादा, तुझा चेहरा. जगभरच्या डॉक्टरांनी आधी अष्टमीला येऊन तुला विचारलं असावं, असा. वहिनीलाही हाक मारलीस, "ऐकलंस का, मी बोलतो ते केलंय यांनी."

मी आजवर प्रत्येक गोष्ट बरी वाटेल तिथे थांबवली आहे. माझी सगळी कला तेवढीच. ही एकच मी पुढे नेली. सांगितलं की त्या पेशी रुजल्या, स्नायूही झाला, पण मांडीचाच झाला. हृदयाच्या पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात, एकीचा ठोका दुसरीला जातो. या नव्या आलेल्या त्यात मिसळल्याच नाहीत. आपल्या आपण आकसत राहिल्या. काहींच्या हृदयाचा ठेकाच बिघडला.

तुझे हात खाली आले.

"साखळी धरता येत नाय त्यांना," तू म्हणालास. "जोर हाय. पण हातात हात द्यायचं ठाऊक नाय. आसा एक पाहुणा घेतला होता आम्ही, मुरुडच्या सामन्याला. त्याच्यापायीच हरलो."

मग हसलास. मी मात्र हसू शकले नाही. तू त्या जागी गेला नाहीस, भांडण मी जिंकले. आता तुझ्या घरात आले की समोरच्या भिंतीवर तू आहेस, हार घातलेला, आणि मी बरोबर होते. ते बरोबर असणं कुठे ठेवू, सांग. पेणच्या माझ्या घरात त्याला जागा नाही.

नंतर खांब तुझ्याकडे सरकायला लागले. आधी पुलाच्या तोंडाशी दम तुटला, मग गल्लीच्या कोपऱ्यावर, मग उंबऱ्यात. पाय सुजले. पाणी पेल्याने मोजून आलं. तरी वहिनी सांगायची, खाटेचा पाय धरून खाली-वर करतात, मी रागवले की म्हणतात, चप्पल शोधतोय.

शेवटचं भेटलो तेव्हा थंडी होती. गडबला शेतात पोपटी लावली होती, मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला. तुझ्यासाठी मिठाशिवायच्या शेंगा वेगळ्या बांधून मी तशीच ऊन ऊन घेऊन आले. तू एक शेंग हातात घेतलीस, नाकाला लावलीस, खाल्ली नाहीस. वहिनी आत होती.

"खरं सांग गो. एक तरी आसंल ना तिथं? झोपल्याली?"

कठीण नव्हतं. कुठलाही शास्त्रज्ञ 'एकही नाही' असं छातीठोक सांगणार नाही. मी 'असेल' म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं. लिंबाची गोष्ट रंगवून सांगणारी, मेलेल्यांना बोलतं करणारी बाई मी. पण तुझ्याशी इतका काळ खरं बोलत आले होते की तोंड वळेना. मी म्हटलं, "शेंगा गार होतायत. खा."

तू खाल्ल्यास. "ब्येस हायेत," म्हणालास. मीठ नव्हतं त्यांत.

त्यानंतर आले ती तुला न्यायच्या दिवशी. तुला खाली निजवलं होतं. माणसं बाहेर बांबू बांधत होती. मी तुझ्या पायाशी बसले आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून गुडघ्याच्या वर चार बोटांवर हात ठेवला. बाकीचं अंग वाळलं होतं तुझं. बोटाने खड्डा शोधला. नव्हता. मांडी दगडासारखी घट्ट. माणूस गेल्यावर स्नायू ताठरतात, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहून शिकवते, परीक्षेत विचारते. तरी मनात आलं ते एवढंच, काय भरलीय मांडी.

तुझ्या जुन्या संघातले पोट सुटलेले सगळे आले होते. त्यांनी हट्टाने तुला खांद्यावरून, पुलावरून नेलं. आम्ही बायका अष्टमीच्या टोकाला थांबलो. अलीकडचा खांब मागे पडला, पुढचा पडला, सगळे पडले. तू पलीकडे पोचलास.

मग बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी रसिकाचा फोन आला. माझी जुनी विद्यार्थिनी, तू तिला ओळखायचास, पुण्यात संशोधन करते. सांत्वनाला केला होता. बोलता बोलता मी मांडीचं सांगितलं, तर तिला राहवेना. माझ्याच हाताखाली शिकलेली, माहिती पोटात ठरत नाही.

"मॅडम, त्या पेशी माणूस गेल्यावरही जिवंत सापडल्यात. कितीतरी दिवसांनी. प्राणवायू संपतो तशा त्या आणखी गाढ झोपतात. बाहेर काढून वाढवल्या तर उठतात." मग घाबरून, "सॉरी मॅडम, ही वेळ नव्हती."

"असू दे," म्हटलं. "बरं झालं सांगितलंस."

म्हणजे दादा, मी हात ठेवला तेव्हा त्या होत्या. पुलावरून जाताना होत्या. लाकडं रचून होईपर्यंत होत्या, तुझ्या मांडीत, बाकावर बसून, कुणीतरी नाव पुकारेल म्हणून. काळीज बंद पडलेलं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुझा आवाज मला लगेच ऐकू आला, "मग जाळलात कशाला गो, जरा थांबायचं." हसायला आलं आणि मग ते हसू कुठे घेऊन जावं कळेना, कारण ते कळणारा एकटा तूच होतास.

फोन ठेवला तर वहिनी दारात उभी. हातात परात, तेरा दिवसांनी पहिल्यांदा वाल भिजवले होते तिने.

"कोणाचा होता?"

"विद्यार्थिनी होती. विचारपूस करत होती."

ती खाली बसली. एक एक वाल सोलायला लागली. मग मान वर न करता म्हणाली, "वन्सं, तुम्हाला त्यातलं कळतं म्हणून विचारते. यांनी लय मेहनत घेतली हो. मला फसवून घेतली. अजून थोडे दिवस मिळाले असते, तर भरलं असतं ना?"

मी तिच्यासमोर बसले, परात जवळ ओढली आणि एक वाल उचलला.

"भरलं असतं, वहिनी. भरत आलंच होतं."

तिने मान हलवली. डोळे पुसले नाहीत, हात ओले होते. आम्ही दोघी सोलत राहिलो. दादा, सगळीकडे सुधारत आलास. इथे तेवढा मध्ये बोलू नकोस.